राब आणि टेलिफोन

पेंढरीपाड्याच्या नवसू बुधा वारघडेचे कान कसाऱ्याच्या आसपासच्या पंचक्रोशीत नावाजलेले होते. घाट चढणाऱ्या गाडीला मागून एक इंजिन लावलंय की दोन, हे तो शेतात वाकलेला असताना मान वर न करता सांगायचा. मधाचं पोळं कुठल्या कड्याला लागलंय, हे त्याला दिसायच्या आधी ऐकू यायचं. त्याची बायको जिवली म्हणायची, ह्यांना अख्ख्या डोंगराचं ऐकू येतं, घरातली हाक तेवढी नाही. पण तीही वाट चुकलेलं जनावर शोधायचं झालं की त्यालाच उंबऱ्याबाहेर काढायची. घुंगरू कुठल्या ओहोळात वाजतंय ते तो अंगणात उभा राहून सांगे, आणि जनावर तिथंच सापडे.

ते बेचाळीस साल होतं. सिंगापूर पडलं होतं, रंगून पडलं होतं, आणि चैत्रात विशाखापट्टणावर बॉम्ब पडल्याची बातमी आली. मुंबईची माणसं ट्रंका-वळकट्या घेऊन वर घाटावर पळत सुटली. पाड्यावरच्या लोकांना जपान कुठल्या दिशेला आहे तेही धड ठाऊक नव्हतं. पण गाड्या गच्च भरून वर जातायत आणि रिकाम्या खाली येतायत, एवढं त्यांना दिसत होतं, आणि घाबरायला तेवढं पुरेसं होतं.

त्याच दिवसांत एक सुभेदार दोन शिपाई आणि तारेची भेंडोळी घेऊन कसाऱ्यात उतरला. पाड्याच्या वरच्या डोंगरसोंडेवर त्याला टेहळणीची चौकी बसवायची होती. डोंगर जाणणारा, नजरेचा आणि कानाचा पक्का माणूस कोण, असं त्याने स्टेशनात विचारलं, आणि हमालांनी एका तोंडाने नवसूचं नाव सांगितलं. सुभेदाराने त्याची परीक्षा घेतली. कातळाकडे तोंड करून बसवलं आणि खालच्या गाड्या ओळखायला लावल्या. नवसूने तिन्ही गाड्या बरोबर ओळखल्या आणि वर म्हणाला, साहेब, तुमचं घड्याळ मघाशीच बंद पडलंय. सुभेदाराने घड्याळ कानाला लावलं. दुसऱ्या दिवसापासून नवसू सरकारी नोकर झाला.

चौकी म्हणजे चार दगड, वर पत्रा आणि आत एक टेलिफोन. टेलिफोन आणि वही सांभाळायला कल्याणकडचा सावळाराम नावाचा कारकून होता. वयाने तिशीचा, जाड भिंगाचा चष्मा, डोंगर चढताना चार ठिकाणी बसणारा. पाहायचं-ऐकायचं नवसूने, लिहायचं-बोलायचं सावळारामने, अशी वाटणी. काम दोन गोष्टींचं. आभाळात विमान आलं तर कुठून, किती, कुठे गेलं ते कळवायचं. आणि दिवस मावळल्यावर जमिनीवर कुठे उघडा जाळ दिसला तर तोही कळवायचा, कारण विमानातून रात्री घाट दिसत नाही, जाळ दिसतो. सूर्यास्तानंतर रेल्वेच्या दोन्ही अंगाला उजेड करायचा नाही, ही दवंडी गावोगाव फिरलेलीच होती. पण चौकीवरून जाळ कळवला जातो, ही गोष्ट कुणाला सांगायची नव्हती. बायकोलासुद्धा नाही. तशा कागदावर नवसूचा अंगठा घेतला होता.

अंगठ्याचं त्याला तेव्हा काही वाटलं नाही. पाड्यात तो ताठ चालायला लागला, आणि विमानं पाहतो एवढंच सगळ्यांना सांगू लागला.

पहिल्या आठवड्यात एके संध्याकाळी त्याला समोरच्या खोऱ्यात एक जाळ दिसला. जनावराची वाट सांगावी तसं त्याने सांगून टाकलं, पलीकडं कातकऱ्यांच्या वस्तीपाशी जाळ हाय. सावळारामने टेलिफोनची मूठ फिरवली, वहीत दोन ओळी लिहिल्या, आणि दोघे आपापली भाकर सोडून खायला बसले. नऊ-दहा दिवसांनी नवसू शहापूरच्या बाजारात मीठ घ्यायला गेला तेव्हा कळलं, त्या वस्तीतली दोन माणसं पोलिसांनी उचलली होती. शत्रूला खुणा करता काय, असं विचारत होते म्हणे. ती बिचारी कोळशाची भट्टी लावून बसली होती. आठ दिवस ठेवून त्यांना त्याच सकाळी सोडलं होतं, त्यातल्या एकाला सरळ उभं राहता येत नव्हतं. त्याला पाठीवर घालून नेताना नवसूने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि मिठाची पुडी घेऊन तो आडवाटेने घरी आला. त्या दिवसापासून तो भाकर अर्धी टाकून उठायला लागला. जिवलीला वाटलं, डोंगरावरचं वारं बाधलं. तिने मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या.

त्याने सावळारामला विचारून पाहिलं, जाळाचं नाही लिहिलं तर? सावळाराम माणूस वाईट नव्हता. त्याने वहीतला रकाना दाखवला. विमानाची वर्दी दिली की पलीकडचा माणूस स्वतःच विचारतो, जमिनीवर उजेड आहे का. हो किंवा नाही, काहीतरी सांगावं लागतं. खोटं सांगितलं आणि उघडकीला आलं, तर आपण दोघेही शत्रूचे हस्तक ठरू. नवसूच्या मनात दुसरंच मोजणं चाललं होतं, राब भाजायचे दिवस तोंडावर आले होते.

राब माहीत नसलेल्या वाचकाला एवढं सांगतो की या भागात भाताचं रोप नुसत्या जमिनीत टाकत नाहीत. पावसाच्या आधी वाफ्यावर शेण, टहाळ, पाला, वर थोडी माती असा थर पसरतात आणि तो सावकाश भाजतात. भाजलेल्या त्या काळ्या वाफ्यात पेरलं तरच रोप तरारतं. राब गेला की साल गेलं. आता यंदाची गंमत अशी की सरकारचे दोन हुकूम एकमेकांच्या उरावर बसले होते. जंगलाच्या गार्डाने बजावून ठेवलं होतं, दुपारचं वारं असताना राब पेटवाल तर रान पेटेल, वारं पडल्यावरच लावा. आणि पश्चिमेचं वारं पडतं दिवस मावळायच्या सुमाराला. त्यानंतर जाळ करायचा नाही, हा लढाईचा हुकूम. मधे जेमतेम घटकाभर वेळ उरत होता. सरकारला एक डोकं असतं तर त्याला हे सुचलं असतं. पण सरकारला खाती असतात.

पाड्यावर बैठक बसली. नथूबाबा म्हणजे पाड्याचा कारभारी, सत्तरी ओलांडलेला, त्याच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे. देवजी पहिल्या लढाईत बसऱ्यापर्यंत जाऊन आलेला पेन्शनवाला शिपाई, त्याचा मुलगा कमळू याच लढाईत सिंगापुरात अडकलेला, जिता की मेला ठाऊक नाही. शिवाय त्या दिवशी शाळेचे मास्तर आले होते. राबाचं बोलणं बाजूला राहिलं आणि लढाईचंच जुंपलं.

मास्तरांचं म्हणणं, ही लढाई आपली नव्हेच. इंग्रजाने जर्मनीशी वैर धरताना आपल्याला विचारलं होतं काय? दिल्लीत एका माणसाने जाहीर केलं आणि चाळीस कोटी लढाईत ढकलले गेले. ज्याच्या हातात स्वतःचं घर नाही, त्याने दाराशी राखण कुणासाठी करायची? देवजीचं म्हणणं, विचारलं नाही ते खरंच, पण बॉम्बही विचारून पडत नाही. जपानी येऊन गादी आपल्या हातात देईल असं मास्तरांना वाटत असेल तर त्यांनी त्याला बोलवावं. देवजीने बसऱ्याला एक धनी जाऊन दुसरा येताना पाहिलंय, दोन्ही धनी त्याच विहिरीवर पहारा बसवत होते. मास्तर तापले. सिंगापुरातून इंग्रज पळाला आणि तुमच्या मुलाला मागे टाकून पळाला, असं ते बोलून गेले. देवजी उठून उभा राहिला. मग मास्तरांनी मान खाली घालून माफी मागितली.

नवसू खांबाला टेकून ऐकत होता. मास्तरांचंही त्याला पटत होतं आणि देवजीचंही, आणि दोघांचं एकदम पटणारा माणूस फार वाईट झोपतो. त्याने धीर करून विषय राबावर आणला. म्हणाला, यंदा सगळ्यांनी वारं पडताच एकदम पेटवा. सगळे वाफे एका वेळी. अंधाराच्या आत जाळ बसेल.

नथूबाबाने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने घरात चपला घालून देवापुढे जायला सांगितलं होतं. पेंढरीपाड्यात कुणीही आपला राब आपल्या काडीने पेटवत नसे. पहिला वाफा गावदेवाचा. त्याचा जाळ बसून निखारा झाला की तो निखारा दुसऱ्या वाफ्यावर, तिथला तिसऱ्यावर, असा हातोहात खाली जायचा. निखारा देणाऱ्याने घेणाऱ्याचं नाव घ्यायचं. भांडण असलेल्या भावांनाही त्या दिवशी एकमेकांचं नाव घ्यावं लागे, आणि पाडा सत्तर वर्षं एकत्र राहिला तो बहुतेक यानेच. काडी ओढून एकदम पेटवलेल्या राबातलं रोप लागत नाही, असं नथूबाबा म्हणाला, आणि ते तिथंच संपलं.

"वरून काय कळतंय त्यांना?" नथूबाबाने विचारलं. "तू तं वर असतोस. विमान तेवढं बघता ना तुमी?"

समोर बायकांत नवसूची बहीण भागी बसली होती. नवरा साथीत गेल्यावर ती माहेरी आली होती आणि भावाच्याच जमिनीतला खालचा तुकडा करून खात होती. परत आलेल्या बाईचा वाफा म्हणून निखारा तिच्यापर्यंत सगळ्यात शेवटी पोचायचा. नवसूने तिच्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"विमानच बघतो," तो म्हणाला.

हे बोलून त्याने काय केलं ते त्याला तिथंच कळलं होतं. घरी येऊन त्याने भागीला एवढंच सांगितलं की पाण्याची मडकी भरून बांधावर ठेव. भागी म्हणाली, ठेवतेच की दरसाली.

राबाचा दिवस उजाडला तो वाऱ्यानिशी. नवसू तिसऱ्या प्रहरी चौकीवर चढला तेव्हा त्याचं मुंडासं उडत होतं. खाली उतारावर सहा वाफे एकाखाली एक मांडून ठेवलेले दिसत होते, आणि माणसं बांधावर उकिडवी बसून वाऱ्याची वाट पाहत होती. नवसू आयुष्यात कधी देवाला काही मागायला गेला नव्हता. त्या दिवशी त्याने वारं पडू दे म्हणून गावदेवाला कोंबडा बोलला. वारं पडलं, पण रोजच्यापेक्षा उशिरा. सूर्य डोंगराच्या काठावर हातभर राहिला असताना नथूबाबाने पहिला वाफा पेटवला.

नवसूला वरून सगळं दिसत होतं. जाळ उठायचा, बसायचा, मग एक माणूस खापरात निखारा घेऊन खाली चालायचा. घाई कुणालाच नव्हती. नाव घेतलं जायचं, हात जोडले जायचे. पहिला, दुसरा, तिसरा. नवसूच्या पोटऱ्यांना गोळे आले होते, तो उभाच होता. चौथा वाफा पेटला तेव्हा सूर्य गेला. पाचवा लवकर बसला, त्याने सुस्कारा टाकला. पाच वाफे आता मातीखाली नुसते धुमसत होते, वरून पाहणाऱ्याला काळेच. सहावा भागीचा.

भागीच्या शेणाचा थर आतून ओला राहिला असावा. तिथे आधी नुसता धूर झाला. ती वाकून काठीने उकरत होती, फुंकत होती. इतरांनी आपापल्या वाफ्यावर माती ओढली आणि ते घराकडे निघाले. शेवटच्या माणसासाठी थांबायची रीत नव्हती. अंधारून आलं. नवसू मनात म्हणत होता, धुरावरच राहू दे, पेटू नको. आणि तेवढ्यात भागीचा राब भडकला. ओला थर जळून खालच्या सुक्या टहाळाला आग लागली होती, माणसाच्या उंचीची.

नवसूने सोंडेच्या टोकावर जाऊन हाक मारली. ती हाक अर्ध्या उतारावर विरून गेली. त्याला स्वतःच्या हाकेची जात चांगली माहीत होती, ती पोचणार नाही हे त्याला मारायच्या आधीच कळलं होतं. तरी त्याने आणखी दोनदा मारली.

खाली कसाऱ्याच्या स्टेशनात एक लष्करी गाडी उभी होती. मागचं इंजिन लागायचं होतं. डबे शिपायांनी भरलेले, काहीजण खाली उतरून पाय मोकळे करत होते. नवसू हे पाहत होता, आणि त्याच वेळी त्याच्या कानांना ते ऐकू आलं. पश्चिमेकडून, फार लांबून, घरघर. आतापर्यंत वरून जी विमानं गेली होती त्यांचे आवाज त्याला पाठ होते. हा आवाज त्यांतला नव्हता. मधूनच अडखळत होता, आणि सरळ न येता घिरट्या घालत येत होता. काहीतरी शोधत असल्यासारखा.

"विमान," तो म्हणाला. "एकच हाय. समुद्राकडनं. आपल्यातलं वाटत नाय."

सावळाराम टेलिफोनला लागला. त्याने दिशा सांगितली, वेळ सांगितली, आवाजाचं सांगितलं. मग तो ऐकत राहिला, आणि त्याचा चेहरा बदलला. पलीकडून नेहमीचा प्रश्न आला होता. चष्मा कितीही जाड असला तरी भागीचा जाळ सावळारामला दिसत होता. तो कुणालाही दिसला असता. सावळारामने सावकाश चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसायला घेतला, आणि उताराकडे पाठ केली.

"नवसू," तो म्हणाला, "विचारतायत, जमिनीवर उजेड आहे का. तू जे सांगशील ते मी सांगतो."

एवढी भलाई त्या कल्याणच्या माणसाने का केली, हे नवसूला पुढे कधीच कळलं नाही. नाही म्हणायचं होतं. एक शब्द. भागी सुटली असती, पाडा सुटला असता. त्या वाकलेल्या कातकऱ्याची पाठ त्याच्या डोळ्यांपुढे आली आणि त्या पाठीच्या जागी भागीची. पण आवाज जवळ येत होता. खाली शिपाई विड्या ओढत उभे होते, देवजीच्या कमळूच्या वयाचे, आणि उतारावरचा तो जाळ थेट त्यांच्याकडे बोट दाखवत होता. मास्तर म्हणाले होते, लढाई कुणाची? त्या क्षणी नवसूला ते विचारायला सवड नव्हती. जाळ दिसल्याचं सांगितलं तर खालचे लोक गाडी तरी हलवतील. नाही सांगितलं आणि बॉम्ब पडला, तर तो जन्मभर कान बुजवून बसला तरी त्याला तो ऐकू येत राहणार होता.

"हाय," तो म्हणाला.

सावळारामने मागे वळून पाहिलं नाही. "कुठे?"

"पेंढरीपाडा. सगळ्यात खालचा वाफा."

"शेत कोणाचं, विचारतायत."

"नवसू बुधा वारघडे."

सावळारामच्या हातातली पेन्सिल थांबली. हे खोटं नव्हतं. जमीन बापाची, कागदावर नाव नवसूचं. भागीचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं.

गाडी मागचं इंजिन न लावताच बोगद्याच्या आडोशाला ओढली गेली. विमान डोक्यावरून गेलं, इतकं खालून की पत्रा थरथरला. नवसू जमिनीवर पालथा पडून वाट पाहत राहिला. काही झालं नाही. आवाज घाट ओलांडून गेला आणि विझला. थोड्या वेळाने टेलिफोन वाजला. विमान आपलंच होतं. वाट चुकलं होतं, इंजिनात बिघाड होता, पुढे नाशकाकडे कुठेतरी उतरलं. सावळाराम हे सांगताना हसायचा प्रयत्न करत होता. नवसूने त्याला विचारलं, मघाचं पुसता येतं का? सावळाराम म्हणाला, ते आता माझ्या वहीत राहिलेलं नाही, पलीकडच्या वहीत गेलं.

सकाळी फौजदार आला तेव्हा भागी पुढे झाली. राब मी लावला, माझ्या हाताने लावला, असं ती ठणकावून म्हणाली. नवसूने तिला मागे सारलं. शेत माझं, ती माझ्या शेतात राबते, जाब माझा, असं तो म्हणाला, आणि फौजदाराला कागदाशी जुळणारं नाव हवं होतं, ते मिळालं. सरकारच्याच चौकीवरचा माणूस सापडल्याने तो जरा गोंधळला होता. पण हातकडी त्याने घातली.

शहापुरात साहेबापुढे खटला चालला. नथूबाबा, देवजी, भागी, सगळा पाडा बाहेर ओट्यावर बसला होता, नवसूला सोडवायला म्हणून आलेला. आत चौकीची वही मोठ्याने वाचली गेली. अमुक तारखेला कातकऱ्यांच्या वस्तीपाशी जाळ, वर्दी देणार नवसू बुधा. अमुक तारखेला पेंढरीपाडा, सगळ्यात खालचा वाफा, वर्दी देणार नवसू बुधा. शिपाई आरोपीला बाहेर घेऊन आला तेव्हा ओटा अर्धा रिकामा झाला होता. नथूबाबा उठून चालू लागला होता. मास्तर जवळ येऊन म्हणाले, ज्यांची राखण केलीस त्यांनीच आत घातलं, आता तरी डोळे उघडले ना? देवजीने खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, शिपायाचं काम केलंस. नवसूला दोघांचाही सारखाच राग आला. भागी भिंतीला धरून उभी होती.

तीन महिने त्याने ठाण्याच्या तुरुंगात काढले. तिथे रात्री त्याला खाडीपलीकडून आगगाडी ऐकू यायची. आपल्या शेताचं काय झालं असेल, एवढंच तो मोजत राहिला. जिवलीला एकटीला भात लावणं शक्य नव्हतं, आणि पाड्यातलं कुणी मदतीला येणार नव्हतं.

सुटून कसाऱ्याला उतरला तेव्हा पाऊस लागून राहिला होता आणि आवणी, म्हणजे भाताच्या रोपांची लावणी, संपत आली होती. चौकीवर घाटावरचा कुणी नवा माणूस बसवला होता. पाड्यात शिरताना दोन दारं त्याला पाहून लोटली गेली. जिवलीने पाय धुवायला पाणी दिलं, रडली, आणि मग सांगितलं की शेत लावून झालंय. सगळं. पाड्यातून हात लावायला एक माणूस आलं नाही. भागी आली. त्या दिवशीचा तिचा राब असा भाजला होता की अख्ख्या पाड्यात तसं रोप नव्हतं. तिने आधी भावाचं शेत लावलं, आपलं मागे ठेवलं. आत्ता तेच लावतेय.

नवसू तसाच खाली गेला. भागी गुडघाभर चिखलात वाकली होती, पाठीवर इरलं. त्याने बांधावरून हाक मारली. तिने मान वर केली, पुन्हा खाली घातली. तो चिखलात उतरला आणि तिच्याशेजारी उभा राहिला. तीन महिने मनात घोळवलेलं सगळं त्याने सांगितलं. अंगठा दिला होता, सांगायची बंदी होती. शिपायांनी भरलेली गाडी उभी होती. विमान कुणाचं ते कळत नव्हतं. तुला वाचवावं म्हणूनच नाव माझं सांगितलं. भागी लावत होती, त्याचं बोलणं संपेपर्यंत तिचा हात थांबला नाही.

मग ती सरळ झाली.

"नाव तुझं सांगितलंस, त्याचा मला राग नाय, दादा," ती म्हणाली. "जाळ मोठा झाला तवा मडकं माझ्या हातात होतं. ओतायचंच होतं. राब गेला असता, पण हुकूम मलाबी ठावा होता. मी वर बघितलं. मनात म्हटलं, वर दादा हाय, आपलाच माणूस हाय. आणि मडकं खाली ठेवलं." तिने ओल्या हाताने कपाळावरचं पाणी निपटलं. "परका असता ना वर, तं मी ओतलं असतं."

तुरुंगाचे तीन महिने नवसूने सहज काढले होते. हे त्याला पेलेना. पाऊस होता म्हणून बरं झालं, डोळ्यांतलं पाणी तिला दिसलं नाही.

भागी पुन्हा वाकली. थोड्या वेळाने, त्याच्याकडे न पाहता, तिने रोपांची एक मूठ त्याच्या बाजूला टाकली.

"उभा काय ऱ्हायलास," ती म्हणाली. "तिकडनं लावत ये."

नवसूने मूठ उचलली आणि तो शेताच्या दुसऱ्या टोकाला गेला.